चिठ्ठीतला पार्टनर

ॲडमिशनचे दिवस आले की आमच्या घरचा फोन जरा जास्तच वाजतो. जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे नात्यातल्या सगळ्यांचा असा समज आहे की कॉलेजातलंही सगळं मला कळतं. पूर्वी विचारायचे, "मामा, सायन्सला घालू की कॉमर्सला?" आता ते सगळं त्यांना मोबाइलवर कळतं. आताचा प्रश्न वेगळा असतो. "मामा, हॉस्टेलला पार्टनर कसा मिळेल हो? आपल्यासारखाच मिळावा असं काही करता येतं का?"

या "आपल्यासारखा" शब्दाची मला गंमत वाटते. त्यात बरंच काही बसतं. आपली भाषा बोलणारा, आपण खातो तेच खाणारा, लवकर झोपणारा, अभ्यासू, चांगल्या घरचा. आणि जे कोणी तोंडाने बोलत नाही पण मनात असतं ते, आडनाव! अंधेरी-पवईकडे मुलांनी भाड्याने घेतलेल्या फ्लॅटच्या जाहिराती पाहिल्या तर त्यात भाड्याच्या आकड्याआधी "ओन्ली व्हेज" लिहिलेलं असतं.

माझं मत विचाराल तर पार्टनर आपल्यासारखा मिळूच नये. चिठ्ठी टाकून जो निघेल तो घ्यावा. कॉलेजच्या खोलीतली जी धमाल आपण जन्मभर सांगत बसतो, ती आपण न निवडलेल्या माणसांमुळे झालेली असते. आणि धमालीबरोबर जे शिक्षण होतं तेही त्यांच्यामुळेच.

माझ्या अनुभवातलं सांगतो. गोष्ट १९७१ सालची. सेमिस्टर हा शब्द आमच्या बी.ए.ला तेव्हा नव्हता, आम्ही टर्म म्हणायचो. पण जून ते डिसेंबर जे दिवस आम्ही चौघांनी अंधेरी पूर्वेच्या एका वसतिगृहात एका खोलीत काढले, ते आजच्या हिशेबाने एक सेमिस्टरच. चार खाटा, एक टेबल, एक पंखा (तो फिरण्यापेक्षा आवाजच जास्त करायचा). खोल्या रेक्टरांनी कशा वाटल्या कोण जाणे, पण चौघांत एकाचं दुसऱ्याशी काही जुळेल तर शपथ! एक सोलापूरचा, लिंगायत घरातला, कडक शाकाहारी आणि पहाटे चारला उठून मोठ्याने पाठांतर करणारा. एक दापोलीचा, ज्याच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा सुकटच जास्त. एक वऱ्हाडातला, रात्री दोनपर्यंत जागा आणि कानाला ट्रान्झिस्टर. आणि चौथा मी, वाईचा. चातुर्मासात आमच्या घरात कांदा-लसूणही येत नसे. नावं कोणी घेत नसे, गावावरूनच हाका. वाईकर, सोलापूरकर, दापोलीकर, वऱ्हाडकर.

पहिला महिना नुसती भांडणं. सोलापूरकर उठायचा तेव्हा वऱ्हाडकर नुकता झोपलेला असायचा. सुकटीच्या वासाने मला तर मळमळायचं, खोटं कशाला बोलू? शेवटी तह झाला. सुकटीचा डबा दोरीने बांधून खिडकीबाहेर लोंबकळत ठेवायचा. पंधरा दिवस तह टिकला. मग जुलैच्या एका पावसात दोरी कुजून तुटली आणि डबा थेट खालून चाललेल्या रेक्टरांच्या छत्रीवर! छत्री गेली. रेक्टर वर आले. तेव्हा दापोलीकराच्या आधी सोलापूरकरच पुढे झाला आणि म्हणाला, "सर, दोरी माझी होती." दोरी खरंच त्याची होती, गादीची वळकटी बांधून आणलेली. पण ते सांगायची त्याला काही गरज नव्हती. त्या दिवसापासून खोलीतली हवा थोडी बदलली.

मग आला गणेशोत्सव. दापोलीकराला एस.टी.चं रिझर्वेशन मिळालं नाही. कोकण रेल्वे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती आणि पावसाळ्यात बोटीही बंद. कोकणातला माणूस आणि गणपतीला घरी नाही, त्याचं तोंड बघवत नव्हतं. त्याच दिवशी, म्हणजे २४ ऑगस्टला, ओव्हलच्या कसोटीचा शेवटचा दिवस. आदल्या दिवशी चंद्रशेखरने ६ बळी घेऊन इंग्लंडला गुंडाळलं होतं आणि वाडेकरांच्या संघाला जिंकायला १७३ धावा हव्या होत्या. खालच्या हॉलमध्ये संध्याकाळची आरती. वऱ्हाडकर भर ऑगस्टात शाल पांघरून आला. ताप आहे म्हणाला. शालीच्या आत ट्रान्झिस्टर! आम्ही तिघे त्याला खेटून उभे, टाळ जरा हळू वाजवत. अबिद अलीने चौकार मारला आणि हा पठ्ठ्या आरतीच्या मधोमध ओरडला, "जिंकलो रे!"

हॉलमध्ये एकदम शांतता. रेक्टरांच्या हातात तबक, डोळे मिटलेले. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "कितीने?"

"चार विकेटनी, सर!"

"बरं," असं म्हणून त्यांनी आरती पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. या वेळी जरा मोठ्याने. आणि दापोलीकर महिन्याभरात पहिल्यांदा हसला. (तिकडे ओव्हलवर गणेश चतुर्थी म्हणून बेला नावाची हत्तीण प्राणिसंग्रहालयातून आणली होती, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचायला मिळालं. आमच्या वऱ्हाडकराला ते तेव्हा कळलं असतं तर काय केलं असतं, देव जाणे!)

पण खरी गोष्ट डिसेंबरातली. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि मुंबईत ब्लॅकआउट. आम्ही खिडक्यांना खाकी कागद चिकटवले. संध्याकाळनंतर सगळा काळोख, मधूनच भोंगा. अशाच एका रात्री मेसमध्ये जेवण कमी पडलं आणि दापोलीकराने चोरून ठेवलेला स्टोव्ह खाटेखालून काढला. सुकट भाजायला घेतली. ज्योत दिसू नये म्हणून आम्ही तिघे अंगावरच्या चादरी धरून भोवती उभे. उजेड लपला हो, पण वास कसा लपणार? त्या अंधाऱ्या इमारतीत रेक्टर वासाच्या मागोमाग जिने चढून बरोबर आमच्या दारात आले.

"हे कोणाचं आहे?" काळोखातून आवाज आला.

आणि आम्ही चौघेही एकदम म्हणालो, "माझं!"

कोणी काही ठरवलेलं नव्हतं. रेक्टर थोडा वेळ गप्प उभे राहिले. वाईकर आणि सोलापूरकर काय खातात हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. मग म्हणाले, "स्टोव्ह उद्या ऑफिसात जमा करा. प्रत्येकी दोन रुपये दंड." आणि गेले. दोन रुपये तेव्हा आम्हाला पुष्कळ होते. आम्ही भरले. मी सुकट तेव्हाही खाल्ली नाही आणि आजही खात नाही. पण त्या रात्रीनंतर तो वास मला परक्याचा वाटला नाही, आमच्या खोलीचा वाटला.

तर सांगायचा मुद्दा असा. जूनमध्ये मला कोणी विचारलं असतं की पार्टनर बदलून हवा का, तर मी एका पायावर तयार होतो. चौघेही होतो. डिसेंबरात कोणी विचारलं असतं तर चौघांनीही नाही म्हटलं असतं. मधल्या सहा महिन्यांत आमच्यातलं कोणीही बदललं नव्हतं. सोलापूरकर चारलाच उठत होता, दापोलीकर सुकटच खात होता. फक्त एकमेकांची सवय होणं आणि एकमेकांची बाजू घेणं, यातलं अंतर आम्ही चालून आलो होतो. ते अंतर खोलीच्या बाहेर राहून चालता येत नाही. "छिछोरे" सिनेमा (२०१९) आमच्या घरात सगळ्यांना आवडला. तो दिग्दर्शित करणारे नितेश तिवारी स्वतः पवईच्या आयआयटीत शिकलेले. त्यातला नायकही सुरुवातीला हॉस्टेल बदलूनच मागतो की!

आता त्याच पवईची एक अलीकडची बातमी. २०२३ च्या जुलैत आयआयटीच्या एका हॉस्टेलच्या कँटीनमध्ये "इथे फक्त शाकाहाऱ्यांनी बसावं" अशा अर्थाचे कागद भिंतीवर लागले. त्यावर गदारोळ झाला. पुढे सप्टेंबरमध्ये तीन हॉस्टेलांच्या मेसमध्ये सहा टेबलं शाकाहारी म्हणून राखून ठेवली गेली. काही मुलांनी त्याविरुद्ध त्याच टेबलांवर बसून मांसाहारी जेवण केलं आणि एका विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड झाला. कारण असं दिलं गेलं की काही मुलांना समोरच्याच्या ताटातला मांसाहार बघवत नाही, वास सहन होत नाही.

मी शाकाहारी माणूस. वास सहन होत नाही म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. त्या मुलांचा त्रास खोटा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्या त्रासाची सोय दोन माणसांनी बोलून, भांडून, खिडकीबाहेर डबा लोंबकळवून करायची असते. दोरी तुटेल, छत्री जाईल, जाऊ दे! भिंतीवर कागद लावून आणि टेबल वेगळं करून ती सोय केली की वास थांबतो, पण समोरचा माणूसही थांबतो. मग "दोरी माझी होती" म्हणायला कोण पुढे येणार?

आम्हा सातारा जिल्ह्यातल्या लोकांना तर हे नवीन नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, स्वयंपाक मुलांनीच करायचा, जेवायचं एका पंगतीला. मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९२७ साली गांधीजी तिथे येऊन गेले. त्या काळात शेजारी बसून जेवणं ही केवढी मोठी गोष्ट होती! कर्मवीरांना ठाऊक होतं की शाळेच्या बाकावर मुलं शेजारी बसतात ती पाच तास, पण माणूस कळतो तो रात्रीच्या भाकरीला. शंभर वर्षांपूर्वी गरीब शेतकऱ्यांच्या मुलांनी जे केलं, ते देशातल्या सर्वांत हुशार मुलांना जड जावं?

आता कोणी म्हणेल, मामा, तुमचं बरं झालं, पण चिठ्ठीत एखादा वाईट निघाला तर? प्रश्न रास्त आहे. हॉस्टेलच्या गमतीच्या नावाखाली पोरांचा छळ झालेला आपण सर्वांनी वाचलेला आहे. महाराष्ट्रात तर रॅगिंगविरुद्ध १९९९ पासून स्वतंत्र कायदा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड. (होय, आकडा तोच! सतावणाऱ्याला जास्तीत जास्त जेवढा दंड, तेवढा चुकीच्या टेबलावर जेवणाऱ्याला.) छळ होत असेल तर एक दिवसही थांबू नये, लगेच तक्रार करावी, खोली बदलून घ्यावी. त्यात सवय करून घेण्यासारखं काही नसतं. गंमत आणि छळ ओळखायची माझी खूण साधी आहे. चौघे हसले आणि दंडही चौघांनी भरला तर ती गंमत. तिघे हसले आणि एकाने सोसलं तर तो छळ. शाळेतही मी इतकी वर्षं हीच खूण वापरली आणि ती सहसा चुकली नाही.

पण भिन्न असणं म्हणजे वाईट असणं नव्हे. मुलगा आंध्राचा आहे, रात्री जागतो, अंडी खातो, मोठ्याने हसतो, यातलं काहीही छळात मोडत नाही. याबद्दल आईवडिलांनी वॉर्डनला फोन करू नये. पहिल्या महिन्यात मुलगा रडकुंडीला येऊन फोन करील, "पार्टनर बदलून द्या." छळ नाही ना, एवढं नीट विचारून घ्यावं आणि मग म्हणावं, "दिवाळीपर्यंत बघ." बहुतेक वेळा दिवाळीला तो त्या पार्टनरलाच घेऊन घरी येतो.

आमची खोली जानेवारीत मोडली. वऱ्हाडकराला काकांकडे डोंबिवलीला राहायला जावं लागलं आणि रेक्टरांनी खोल्या पुन्हा वाटल्या. पुढे कोण कुठे गेलं याची मोठी कहाणी आहे, ती पुन्हा केव्हातरी. असो.

या महिन्यात ज्यांची मुलं बॅगा भरून निघतील त्यांना एवढंच सांगेन. पार्टनरची चौकशी करण्यात वेळ घालवू नका. खोलीत किती खाटा आहेत तेवढं विचारा, आणि लाडवांचा डबा त्या हिशेबाने भरा.