सामना पाहणं हेही मंडळाचंच काम



जानेवारीत मंडळाने टोरांटोच्या रॅप्टर्स संघाच्या सामन्याची सामूहिक तिकिटं काढली, त्यावरून सर्वसाधारण सभेत बरीच गरमागरमी झाली. ‘नाटक आणायला पैसे नाहीत, मग बास्केटबॉलला कुठून आले?’ असा थेट सवाल आला. तेव्हा कार्यकारिणीची बाजू एकदा स्वच्छ मांडलेली बरी.

आधी हिशेब. गटाने तिकिटं घेतली की दर उतरतो. मंडळाने आगाऊ रक्कम भरली, ती नाव नोंदवणाऱ्यांकडून परत यायची होती. नाटकाच्या निधीला हात लागलेला नाही आणि लागणारही नाही. नाट्यप्रेमी मंडळींची तळमळ आम्ही जाणतो. हा त्यांना शह नव्हे.

दुसरा आक्षेप, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. ज्येष्ठांचा मान राखून सांगतो, हे आम्हाला पटत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याच्या आझाद मैदानावर महाराष्ट्र केसरी रंगली. बुलढाण्याच्या बाला रफिक शेखने गतविजेत्या अभिजित कटकेला हरवून चांदीची गदा उचलली, तेव्हा आपल्यातली जालन्याकडची घरं सकाळचा चहा बाजूला ठेवून मोबाइलला चिकटलेली होती. अंबड, भोकरदन, परतूरच्या जत्रांत नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या जोडीपर्यंत फडाभोवती बसून राहिलेली ही माणसं. त्यानंतर सहा महिन्यांनी, १३ जून २०१९ च्या रात्री रॅप्टर्सनी गोल्डन स्टेटला ११४-११० असं नमवून पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हाही हीच घरं जागी होती. जिथे राहतो तिथल्या संघासाठी जीव टाकणं म्हणजे त्या गावचं होणं.

रॅप्टर्सचे चाहते नव भाटिया यांचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९८४ मध्ये इथे आले, मोटारी विकून संसार उभा केला आणि १९९५ मध्ये रॅप्टर्स सुरू झाल्यापासून पगडी बांधून बास्केटमागच्या खुर्चीत हजर. संघाने त्यांना विजेतेपदाची अंगठी दिली, २०२१ मध्ये नेस्मिथ हॉल ऑफ फेमने त्यांचा चाहता म्हणून गौरव केला. त्यांनी पगडी उतरवली नाही की खुर्ची सोडली नाही. आपली मुलं हे पाहतात, म्हणून ते मोलाचं आहे.

जानेवारीच्या सामन्यात अंबडकडचे आपले एक काका चेंडूकडे बघतच नव्हते. ‘पाय बघ, पाय,’ असं शेजारच्या दहावीतल्या पोराला सांगत होते. बचाव करणाऱ्याचा पाय उचलला की समोरचा तिकडूनच घुसणार, हे त्यांनी आखाड्यात शिकलेलं. मग पोराने त्यांना तीन गुणांची रेषा दाखवली. दोघं अखेरपर्यंत एकमेकांशी मराठीत बोलत होते. मराठी शाळेच्या वर्गात हे घडवताना आपल्या शिक्षिकांची किती दमछाक होते, ते पालकांना ठाऊक आहे.

आता खंत. नावं उत्साहाने आली, पण ऐन वेळी कित्येकांनी पाठ फिरवली. खुर्च्या रिकाम्या राहिल्या आणि त्यांचे पैसे अजून यायचे आहेत. थंडी होती, मुलांच्या परीक्षा होत्या, हे मान्य. कोणा एकावर रोख नाही. तरी आदल्या दिवशी एक फोन आला असता, तर प्रतीक्षायादीतल्या कुटुंबांना जागा मिळाली असती. हीच सवय हळदीकुंकवाला आणि कोजागिरीलाही नडते.

म्हणून मार्चच्या सामन्यासाठी पैसे भरल्याशिवाय नाव धरलं जाणार नाही. जमत नसेल तर चार दिवस आधी कळवा, तिकीट दुसऱ्याला देऊ. जानेवारीची बाकी या महिनाअखेरपर्यंत खजिनदारांकडे पोचती करा. पार्किंगच्या भानगडीत न पडता पोर्ट क्रेडिटहून गो ट्रेनने युनियन स्टेशनला उतरा. तिथून आतल्या आत स्टेडियमला जाता येतं. नाटकासाठी वेगळी समिती नेमायची आहे. सभेत आग्रहाने बोललेल्यांनी त्यात पहिली नावं द्यावीत, कार्यकारिणी त्यांच्या पाठीशी उभी राहील.