सेवा की श्रम?

पहिला प्रयोग झाला की दिग्दर्शकाचे काम संपते, असे आपण समजतो. परंतु त्याने बसवलेले नाटक, नृत्यदिग्दर्शकाने रचलेली पावले पुढे प्रत्येक प्रयोगात रंगमंचावर उभी असतात. मग त्यांचे मोल एकदाच का?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर दिग्दर्शक व नृत्यदिग्दर्शकांनी १९५९ साली आपली संघटना उभारली. निर्माते मान्यता देईनात. १९६२ मध्ये ‘लिटल मी’ या संगीतिकेच्या वेळी बॉब फॉसी यांनी संघटनेच्या कराराशिवाय काम करण्यास नकार दिला आणि करार झाला. फॉसी नामवंत होते. स्वतःपुरते त्यांना सहज मिळाले असते. त्यांच्या नकाराचा खरा लाभ अनामिकांना झाला. किमान मानधन, रॉयल्टी, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन या गोष्टी तेथे आज मेहेरबानीच्या नाहीत, कराराच्या आहेत.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही नृत्यरचनेला स्थान आहे. मात्र ती लिहून वा अन्य रीतीने नोंदलेली हवी. कृष्णदेव मुळगुंदांच्या नृत्यरचनेवाचून १९७२ चे ‘घाशीराम कोतवाल’ कल्पिता येईल काय? पण कायदा हक्क सांगतो. तो वसूल करण्याचे बळ एकट्यादुकट्यात नसते.

कलेची सेवा हा शब्द गोड खरा, परंतु त्यावर घरभाडे भागत नाही. गिरणीतल्या श्रमाला संघटना शोभते, तर तालमीतल्या श्रमाला का शोभू नये?