तापलेला कंप्रेसर भंगारात का जावा?

नेदरलँड्समध्ये रांगेतल्या घरांमागे लहानशी बाग आणि बागेच्या टोकाला शेड असते. सायकली, सुतारकामाची हत्यारे यांच्या जोडीला अनेक शेडमध्ये २४ किंवा ५० लिटर टाकीचा कंप्रेसरही असतो. हिवाळ्यात दार लावून काम सुरू होते. कंप्रेसर बराच वेळ धडधडतो आणि थर्मल स्विच पडून मोटर थांबते. निवल्यावर बटण दाबले की पुन्हा तेच. असे चार-दोनदा झाले की मालक यंत्राचा नाद सोडतो आणि नवे घेऊन येतो.

वास्तविक कंप्रेसर तापणारच. २० अंशांची हवा झटकन ८ बारपर्यंत दाबली, तर गणिताने तिचे तापमान अडीचशे अंशांच्या पुढे जाते. ही उष्णता बाहेर टाकायला हेडवरच्या पात्यांना थंड, खेळती हवा लागते. बंद शेडमध्ये भिंतीला टेकवलेल्या यंत्राला ती मिळत नाही. शिवाय अनेक घरगुती यंत्रांच्या पाटीवर ‘एस३ ५० टक्के’ असे लिहिलेले असते. म्हणजे दहा मिनिटांत पाच मिनिटे काम, पाच मिनिटे विश्रांती. सँडब्लास्टिंगसारख्या हवा खाणाऱ्या कामात ही विश्रांती मिळतच नाही.

दोष शोधणे अवघड नाही. टाकी भरून मोटर बंद करावी, काही वेळ काटा पाहावा. तो उतरू लागला तर जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तिथे गळती. मोटर थांबल्यावरही प्रेशर स्विचखालून फुस्स आवाज येत राहिला, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धरत नाही. मोटर चालू असताना फिल्टरमधून हवा उलटी फेकली जात असेल, तर आतली पोलादी पट्टीची झडप तुटली आहे किंवा तिच्यावर काजळी बसली आहे. विजेची बाजूही तपासावी. घरापासून शेडपर्यंत ओढलेल्या बारीक, लांब वायरमध्ये व्होल्टेज पडते, मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. हेड उघडण्याआधी मात्र प्लग काढून टाकीतली सगळी हवा सोडलीच पाहिजे.

महाराष्ट्रातल्या पंक्चरच्या दुकानातला बेल्टवरचा कंप्रेसर वर्षानुवर्षे चालतो. त्याचा पंप संथ फिरतो, पंख्यासारखे चाक हेडवर वारा घालते, आणि झडप किंवा गॅस्केट गावातच मिळते. स्वस्त घरगुती यंत्रात पिस्टन थेट मोटरला जोडलेला असतो, तो मिनिटाला सुमारे २८५० फेऱ्या घेतो. बिघडते ती झडप किंवा गॅस्केट, पण तेवढा सुटा भाग मिळत नाही म्हणून मोटर आणि टाकीसकट सगळे यंत्र टाकून द्यावे लागते.

दुरुस्तीची चाड असलेल्या नेदरलँड्ससारख्या देशात हे घडावे, याची खंत वाटते. पत्रकार मार्टिन पोस्टमा यांनी १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये पहिले ‘रिपेअर कॅफे’ भरवले. आज जगभर अशा ठिकाणी स्वयंसेवक लोकांच्या वस्तू त्यांच्यासमोर, त्यांना शिकवत दुरुस्त करतात. पण कुशल हातांनाही सुटा भाग लागतोच.

तो मिळवून देणे कायद्याचे काम आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला आणि अंमलबजावणीसाठी सदस्य देशांना ३१ जुलै २०२६ची मुदत दिली. दुरुस्ती बंधनकारक असलेल्या वस्तूंच्या यादीत वॉशिंग मशीन, व्हॅक्यूम क्लीनर, मोबाइल आहेत. वेल्डिंग यंत्रही आहे. कंप्रेसर नाही. शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांपैकी एकाला हक्क आणि दुसऱ्याला भंगार, याला काय आधार? भारतानेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्याचा भर शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहनांवर आहे.

दोन्हीकडच्या याद्यांत कंप्रेसरचे नाव स्पष्टपणे घातले पाहिजे. झडप-संच, गॅस्केट, पिस्टन रिंग आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किमान दहा वर्षे वाजवी दरात मिळावेत, आणि माहितीपुस्तिकेत ‘सेवा केंद्राशी संपर्क साधा’ या ओळीऐवजी दोष शोधण्याची पद्धत आकृतीसह छापलेली असावी.