लंडनमधील मलायी जेवण आणि आपल्या व्यापाऱ्यांसाठी धडा

लंडनला व्यापारानिमित्त, शिक्षणासाठी किंवा नातेवाइकांकडे जाणाऱ्या आपल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जेवणाचा. तळलेली मासळी व बटाटे जागोजागी मिळतात, परंतु काही दुकानांत ते गुराच्या चरबीत तळले जातात. काही ठिकाणी काचेवर 'हलाल' अशी पाटी असते आणि आत फळीवर मद्याच्या बाटल्याही मांडलेल्या असतात. अशा वेळी ज्याला चांगल्या मलेशियन खानावळीचा पत्ता सापडतो, त्याची मोठी सोय होते. ही सोय कशामुळे झाली, याचा विचार आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी अवश्य करावा.

या जेवणात आपल्याला परके वाटावे असे फार थोडे आहे. 'नासी लेमाक' म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेला भात. त्यासोबत मिरचीची तिखट चटणी, तळलेली बारीक सुकी मासळी, शेंगदाणे, काकडी व उकडलेले अंडे. कोकणातील माणसाला भात, नारळ आणि सुकी मासळी यांची ओळख करून द्यावी लागत नाही. 'नासी कांदार' हा पिनांगचा पदार्थ तर तामिळ मुसलमान फेरीवाल्यांनी खांद्यावरच्या कावडीतून भात-कालवण विकता विकता रूढ केला. त्या कावडीवरूनच त्याला हे नाव पडले.

'रोटी चनाई' हीसुद्धा दक्षिण हिंदुस्थानातून तिकडे गेलेल्या लोकांची देणगी. मैद्याचे गोळे तुपात मुरवत ठेवतात, मग गोळा ओट्यावर आपटून, हवेत फिरवून कापडासारखा पातळ ताणतात आणि घड्या घालून तव्यावर टाकतात. सोबत डाळ. लंडनच्या यूस्टन स्थानकाजवळ एका तळघरातील खानावळीत या रोटीसाठी लोक रस्त्यावर रांग लावतात. डाळ-रोटीसाठी लंडनसारख्या शहरात रांग लागते, ती त्या कारागिराच्या हातासाठी.

दुसरी गोष्ट अशी की, या लोकांनी आपल्या पदार्थांची नावे व रीत सोडलेली नाही. २०१८ साली ब्रिटनमधील दूरचित्रवाणीच्या पाककला स्पर्धेत मलेशियात जन्मलेल्या एका स्पर्धक भगिनीने कोंबडीचा 'रेंदांग' केला. कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही, असा दोष परीक्षकांनी काढला. रेंदांग हा मंद आचेवर रस आटेपर्यंत शिजवायचा पदार्थ; तो कुरकुरीत व्हावा कसा? मलेशिया, इंडोनेशिया व सिंगापूर येथून एकच ओरड झाली आणि मलेशियाच्या तत्कालीन पंतप्रधानांनीही त्यात भाग घेतला. गिऱ्हाइकाला रुचावे म्हणून पदार्थ बदला, असे कोणी म्हटले नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे पाठबळ. मलेशियाच्या सरकारने २००६ साली परदेशातील मलेशियन खानावळींच्या प्रसारासाठी खास योजना सुरू केली आणि पुढे लंडनच्या ट्राफलगार चौकात मलेशियन खाद्यपदार्थांची जत्राही भरवली. शिक्षणासाठी आलेल्या आपल्या मुलांकरिता लंडनमध्ये 'मलेशिया हॉल' चालवला; तेथील साध्या कॅन्टीनमध्ये बाहेरचे लोकही स्वस्तात जेवत आले. मायदेशात २००० साली हलाल अन्नाचे लेखी मानक ठरवले. २०१२ पासून तर तेथे हलालचे प्रमाणपत्र केवळ अधिकृत धार्मिक संस्थाच देऊ शकतात, आणि खोटा दावा करणाऱ्यास शिक्षा आहे.

अर्थात सर्वच मलेशियन खानावळी हलाल नसतात. त्या देशात चिनी वंशाची वस्ती मोठी आहे आणि त्यांच्या कित्येक खानावळींत डुकराचे मांसही शिजते. शिवाय ब्रिटनमध्ये मलेशियासारखी एकच सरकारी मोहर नाही. १९९४ व २००३ साली स्थापन झालेल्या तेथील दोन प्रमुख संस्थांमध्ये जनावर कापण्यापूर्वी त्याला बधिर करण्याच्या प्रश्नावर मतभेद आहेत. म्हणून गिऱ्हाइकाने विचारणे हा त्याचा हक्क आहे आणि दुकानदाराने न चिडता उत्तर देणे हे त्याचे कर्तव्य आहे.

आता आपल्याकडे पाहू. मलेशियात गोठवलेले म्हशीचे मांस सर्वाधिक जाते ते भारतातून. म्हणजे कच्चा माल आपला आणि पदार्थाचे नाव व त्यावरचा नफा दुसऱ्याचा. ब्रिटनमध्ये रत्नागिरी-रायगडकडील कोकणी मुस्लिम कुटुंबे कित्येक वर्षांपासून आहेत. तरी कोकणी मुसलमानांचे सांदण किंवा मराठवाड्याचा नान-खलिया तेथील किती पाट्यांवर दिसेल? आपला माणूस खानावळ काढतो तेव्हा घरचे पदार्थ घरीच ठेवतो आणि सगळीकडे मिळणारा तोच लाल रस्सा विकतो. आपल्या आईच्या हातच्या पदार्थाची आपल्यालाच लाज वाटत असेल, तर परका त्याचे मोल काय करणार?

कोणी म्हणेल, आमच्यामागे सरकार नाही, आणि प्रमाणपत्राचा खर्च लहान दुकानदाराला झेपत नाही. हे खरे आहे. परंतु मांस कोठून आले याची पावती भिंतीवर लावायला किती खर्च येतो? तेल कोणते, मसाला कोणता, हे विचारणाऱ्याला सांगायला काय लागते? पदार्थाला त्याचे खरे नाव द्यायला आणि चांगल्या आचाऱ्याला योग्य मजुरी द्यायला सरकारची गरज नाही.

बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा दाखवून देणारे आणि ओला माल वर का ठेवला नाहीस, असे विक्रेत्याला विचारणारे प्रेषित (स.) आपले आदर्श आहेत. हलाल हा शब्द काचेवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो प्रसंग आठवावा. कोणीही आपल्या राशीत हात घालून पाहावे, अशी तयारी ज्याची असेल, त्यानेच ती पाटी लावावी.