घरचा उद्योग आणि कर्जाचा हप्ता

झाशी म्हटले की मराठी मनात राणी लक्ष्मीबाईच उभी राहावयाची. आज मात्र तेथील अस्वले नि ससे यांच्याविषयी लिहावयाचे आहे! उत्तर प्रदेश शासनाने 2018 साली आरंभिलेल्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत झाशीच्या वाट्याला मऊ कापडी खेळणी आली. शिवणयंत्र आणि घराचा एखादा कोपरा एवढ्यावर हे काम सुरू होते, म्हणून गृहिणींना त्याची ओढ वाटणे साहजिक आहे.

भांडवलासाठी 2015 पासून मुद्रा योजना आहे. तिच्या ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळते. परंतु हे अनुदान नव्हे. खेळणी घरात पडून राहिली तरी हप्ता चुकत नाही. तेव्हा आधी चार नमुने शिवून दुकानदारांना दाखवा, मागणी पाहा, मगच कर्जाची रक्कम ठरवा. गिरगावातील सात भगिनींनी 1959 साली पापड लाटावयास घेतले, ते 80 रुपयांच्या उसनवारीवर. पहिल्या दिवशी चारच पुडकी झाली. पुढे त्यातूनच ‘लिज्जत’ उभे राहिले.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात उशिरा येते. 1 जानेवारी 2021 पासून विक्रीच्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह आवश्यक झाले आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. ही नोंदणी आपणांस मिळेल किंवा कसे, याची चौकशी कापड खरेदी करण्यापूर्वीच जिल्हा उद्योग केंद्रात करावी.