वेताळाला नव्या वहाणा

‘आमच्या वेताळाला हात लावू नका,’ असं बजावणारी माणसं माझ्याच वयाची आहेत. त्यांचा जीव कशात अडकला आहे ते मला पुरतं ठाऊक आहे, कारण माझाही तिथेच अडकला आहे. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलला इंद्रजाल कॉमिक्सचा नवा अंक लटकलेला दिसला की घरी पोहोचेपर्यंत दम निघायचा नाही. अंगाला चिकटलेला जांभळा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी. ती ज्याच्या जबड्यावर बसली त्याच्या कातडीवर कवटीची खूण जन्माची उमटली. अंक वाचून झाला की आम्ही भावंडं शाईच्या पेनाने एकमेकांच्या गालावर ती खूण काढायचो आणि रात्री आई खोबरेल तेलाचा बोळा घेऊन गाल घासत बसायची. त्या वेताळाबद्दल मी आज लिहितो आहे, आणि तो बदलला पाहिजे, मुळापासून बदलला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

विरोधकांचा पहिला मुद्दा असा: अभिजात कृती आहे तशीच ठेवावी; जुन्या चित्रावर नवा रंग फासू नये. ऐकायला हे रास्त वाटतं. पण ‘आहे तशी’ म्हणजे कोणत्या सालची? ली फॉकने फँटमची, म्हणजे आपल्या वेताळाची, मालिका १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रांत सुरू केली. पहिल्या कथेत मुखवट्यामागे जिमी वेल्स नावाचा श्रीमंत, ऐषारामी तरुण निघावा असा त्याचा बेत होता. कथा चालू असतानाच त्याने तो बेत मोडला आणि नायकाला जंगलात नेऊन बसवलं. ते जंगलही आधी आपल्या आशियाच्या बाजूला होतं, पुढे ते आफ्रिकेत गेलं. नायकाला जांभळा रंग मिळाला तो १९३९ मध्ये रविवारची रंगीत पानं सुरू झाल्यावर; स्वीडनमध्ये तोच पोशाख निळा झाला, इटलीत लाल.

हे झालं वरवरचं. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले आणि फॉकला नायकाच्या बेंगाला या कल्पित देशातलं गोऱ्यांचं राज्य तसंच चालवणं शक्य राहिलं नाही. साठच्या दशकात त्याने बेंगालाला निवडून आलेला काळा राष्ट्राध्यक्ष दिला, डॉक्टर लमांडा लुआगा. तिथल्या ‘जंगल पेट्रोल’ या सुरक्षादलाची सूत्रं कर्नल वीक्सकडून कर्नल वोरुबूकडे गेली. राजधानीचं मॉरिसटाउन हे साहेबी नाव जाऊन मावितान झालं. १९७७ मध्ये, म्हणजे तब्बल ४१ वर्षं थांबवून ठेवल्यावर, त्याने प्रेयसी डायनाशी नायकाचं लग्न लावलं आणि १९७९ मध्ये त्यांना जुळी मुलं दिली. १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत फॉक हे पात्र लिहीत होता, आणि लिहीत होता म्हणजेच बदलत होता. मूळ लेखकाने ज्याला कधी गोठू दिलं नाही, ते आपण गोठवायचं आणि त्याला निष्ठा म्हणायचं?

आणि आपला वेताळ तर बदललेला असूनच आपल्याकडे आला. मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने इंद्रजाल कॉमिक्स काढलं. पहिले ३२ अंक निव्वळ फँटमचे होते. पुढे १९६७ मध्ये अमर चित्र कथा उभी करणारे अनंत पै त्या सुरुवातीच्या कामात होते. टाइम्सच्या बोरीबंदरच्या कचेरीत फॉकची पानं जशीच्या तशी छापली गेली नाहीत. फॉकच्या जंगलाचं तेव्हाचं नाव ‘बेंगाली’. ते आपल्या बंगालशी गोंधळेल म्हणून ‘डेंकाली’ केलं गेलं. समुद्री चाच्यांची टोळी ‘सिंग’ होती, ती ‘सिंगा’ झाली. नायकाच्या वडिलांचा खुनी ‘रामा’ होता, त्याचा ‘रामालू’ झाला. माझ्या पिढीने प्राणपणाने जपलेला वेताळ हा असा हात फिरवलेला वेताळ आहे.

सगळ्यांत मोठा हात तर नावावरूनच फिरला. हिंदीतही तो वेतालच होता, पण हिंदी वाचकाला बहुधा विक्रमाच्या पाठीवरचं प्रेत आठवत असेल. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पोराला गावाचा राखणदार आठवला. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. लहानपणी मी ते जोड पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझं अख्खं पाऊल त्यातल्या एका अंगठ्यापाशी मावलं असतं. देव रात्री गावाभोवती फेरी घालतो, चालून चालून वहाणा झिजतात, म्हणून नव्या आणून द्यायच्या. फॉकने आपल्या नायकाला चालणारं भूत म्हटलं होतं. कुणा मराठी अनुवादकाने त्याच्यासाठी ‘वेताळ’ हा शब्द स्वीकारला आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातला माणूस आमच्या वेशीवर राखणीला उभा राहिला. देव जुनाच राहतो आणि वहाणा नव्या येतात, हे आरवलीच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरा विरोधी पक्ष नेमका उलट टोकाचा आहे. तो म्हणतो, बदलता कशाला, पुरून टाका. गोरा माणूस जंगलात सिंहासनावर बसतो आणि काळी माणसं त्याच्या भोवती उभी राहतात. असल्या गोष्टीला नवं रूप देणं म्हणजे साम्राज्याला नवा सदरा शिवणं.

हा आक्षेप झटकून टाकता येत नाही, आणि मी झटकणारही नाही. बहुतेक कथांच्या आरंभी येणारी ती ओळख आठवा. साल १५३६. चाच्यांनी जहाज लुटलं, सगळे मारले गेले, एकच तरुण लाटांवर वाहत किनाऱ्याला लागला. बांदार जमातीच्या बुटक्या माणसांनी त्याला उचललं, जगवलं. बापाच्या खुन्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने चाचेगिरी, लोभ, क्रौर्य आणि अन्यायाविरुद्ध लढण्याची शपथ घेतली. आपल्या मुलांनाही त्या शपथेने बांधून टाकलं. तेव्हापासून बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, आणि जगाला वाटतं हा एकच माणूस आहे, याला मरण नाही. आपला वेताळ त्या घराण्यातला २१वा.

आता त्याच पानावरचं चित्र नीट पाहा. जीव ज्यांनी वाचवला ते कवटीच्या गुहेबाहेर विषारी बाण घेऊन पहाऱ्याला उभे आहेत. जीव ज्याचा वाचला त्याचा वंशज आत सिंहासनावर बसला आहे. ४०० वर्षांत ही जागा बदललेली नाही.

त्या चित्रात मी कुठे होतो? माझ्या वडिलांनी १५ ऑगस्ट १९४७ ची पहाट पाहिली होती, त्या दिवसाची गोष्ट ते गहिवरून सांगायचे. आणि त्यांचा मुलगा अंक उघडून बसला की सिंहासनावर जाऊन बसायचा. आमच्या खेळात वेताळ व्हायला भांडणं लागायची. बांदार व्हायला कुणी तयार नसे, ते काम सगळ्यांत धाकट्याच्या गळ्यात पडायचं. ‘बांदार’ हा शब्द कुठून आला असेल, याचा विचारही कधी शिवला नाही. किपलिंगने १८९४ च्या ‘जंगल बुक’मध्ये माकडांना ‘बांदरलोग’ म्हटलं आहे आणि फॉक मोगली-टारझनच्या गोष्टींवर वाढलेला लेखक. माणसांच्या एका जमातीला माकडाचं नाव लागलं, ते आमच्या भाषांत ढळढळीत ऐकू येत होतं आणि तरी आम्हाला ऐकू आलं नाही. मुंबईच्या संपादकांना ‘सिंग’ खटकलं, ‘रामा’ खटकलं, कारण ती आपली नावं होती. ‘बांदार’ तसंच राहिलं, कारण ते दुसऱ्या कुणाचं होतं. याची मला आज लाज वाटते आणि वेताळ बदलावा असं म्हणण्यामागे ही लाज मोठ्या प्रमाणात आहे.

मग पुरून का टाकू नये? कारण फॉकच्याच गोष्टीत आणखी काहीतरी पडून आहे आणि ते कुणी धड उचललेलं नाही. किनाऱ्याला लागलेल्या त्या पहिल्या तरुणाला बांदार भेटले तेव्हा ते वासाका नावाच्या बलाढ्य जमातीचे गुलाम होते. वासाकांना धडकी भरावी म्हणून त्याने जो पोशाख शिवला तो जंगलातल्या एका दैवताच्या मूर्तीवरून शिवला. त्या पोशाखात तो पुढे आला आणि बांदारांनी उठाव केला. म्हणजे मुखवटा जंगलाचा आहे. त्या रूपाची दहशत जंगलाच्या श्रद्धेतून आलेली आहे. गोऱ्या माणसाने आणलं ते फक्त अंग.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बांदारांना गुपित माहीत आहे. सगळ्या जगाला वाटतं वेताळ अमर आहे; बांदारांना ठाऊक आहे की तो मरतो. गुहेतल्या तळघरात एकेकाची थडगी आहेत. ही एवढी थोर दंतकथा ४०० वर्षं टिकली ती एका घराण्याच्या शौर्यामुळे म्हणायची, की एका अख्ख्या जमातीने पिढ्यानुपिढ्या तोंड घट्ट मिटून ठेवलं म्हणून? माझ्या मते दंतकथेचे खरे कर्ते बांदार आहेत. फॉकने हे बीज पेरलं आणि त्याच्याकडे पाठ फिरवून सिंहासनाकडे पाहत राहिला.

सिंहासन ज्यांच्या डोक्यावर ठेवलं असं आपण म्हणतो, त्यांनी या नायकाचं काय केलं तेही पाहायला हवं. पापुआ न्यू गिनीत ‘वांटोक’ या वर्तमानपत्राने तिथल्या टोक पिसिन भाषेत फँटम छापला. त्या देशाच्या डोंगराळ भागात, वाघी खोऱ्यातल्या लोकांनी आपल्या लढाईच्या ढालींवर तो रंगवला. मुखवटा, पोशाख सगळं, आपल्या नक्षीत बसवून. मरण नसलेला योद्धा आपल्या ढालीवर असावा, इतका साधा विचार. तिथे त्याला कुणी सिंहासन दिलं नाही, ढालीवरची जागा दिली. त्या लोकांना ‘तुम्ही चुकीच्या माणसाला आपलं म्हटलंत’ असं कुणी सांगणार असेल, तर ते सांगणंही मला गोऱ्या साहेबाच्या आवाजातलंच वाटतं.

याच पक्षातले काही जण म्हणतात, आपले नवे नायक निर्माण करा. जरूर करावेत. आबिद सुरतींनी डिसेंबर १९७६ मध्ये त्याच इंद्रजालमध्ये ‘बहादूर’ आणला, भगवा कुडता आणि जीन्स घातलेला, डाकूचा मुलगा. मला तो मनापासून आवडायचा. पण बहादूर आला म्हणून माझ्या डोक्यातलं सिंहासन रिकामं झालं नाही. जी प्रतिमा मनात रुतली आहे तिला तिच्याच गोष्टीत शिरून हलवावं लागतं.

तिसरा पक्ष बदलाला राजी आहे, पण त्याचा बदल शिंप्याकडून होतो. सुपरमॅनची लाल चड्डी डीसीने २०११ मध्ये काढली आणि २०१८ मध्ये परत घातली. वाद सात वर्षं चालला आणि गोष्ट जागची हलली नाही. फँटमच्या बाबतीत १९९४ च्या ‘फँटम २०४०’ मध्ये भविष्यातलं शहर आलं, २००९ च्या दूरचित्रवाणी मालिकेत यंत्रं-तंत्रं लावलेला नवा पोशाख आला. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं नाही.

आता माझं म्हणणं. वेताळाकडे अतिमानवी शक्ती नाही. त्याला उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं, आणि तो म्हातारा होऊन किंवा मारला जाऊन संपतो. सुपरमॅनचं वय लपवायला लेखकांना दर काही वर्षांनी सगळी गोष्ट पुसून पुन्हा सुरू करावी लागते. वेताळाच्या गोष्टीत बदल गोष्टीच्या आतच ठेवलेला आहे: एक जातो, दुसरा येतो. २२वा हा २१व्याची नक्कल असण्याचं काहीच कारण नाही. तो पुरुषच असला पाहिजे हेही नाही, कारण १७वा वेताळ जखमी झाला तेव्हा त्याच्या जुळ्या बहिणीने, ज्युलीने, मुखवटा चढवला होता, आणि ही गोष्ट फॉकने १९५२ मध्ये लिहिली आहे. १९९९ नंतर वर्तमानपत्रातली मालिका टोनी डीपॉल लिहीत आले. त्यांनी २१व्याच्या मुलाला, किटला, हिमालयातल्या मठात शिकायला धाडलं आणि मुलीला, हेलॉइजला, न्यूयॉर्कला. म्हणजे वारस कोण, हा प्रश्न आज उघडा आहे.

तो प्रश्न बापाने सोडवू नये, बांदारांनी सोडवावा. दैवत त्यांचं, गुपित त्यांचं, पहारा त्यांचा. मग मुखवटा कुणाला द्यायचा हे ठरवण्याचा हक्कही त्यांचा. रक्ताने कुणी वेताळ होतो ही अट गळून पडली की ४०० वर्षांची गोष्ट मोडत नाही. ती पहिल्यांदा तिच्या खऱ्या मालकांच्या हाती जाते. आणि त्यांना त्यांचं स्वतःचं, माकडाशी नातं नसलेलं नाव द्या, त्यांच्या भाषेत त्यांनी स्वतःसाठी ठेवलेलं. शपथ तशीच राहू द्या. चाचेगिरी आणि लोभ आजही जहाजांतूनच येतात, कधी मासळीवर दरोडा घालायला, कधी विषारी कचरा ओतायला. गुहा राहू द्या, घोडा आणि लांडगा राहू द्यात, जांभळा रंगही राहू द्या, त्यावाचून मला करमणार नाही.

मला पहिलं पान असं हवं आहे. तळघरात २१व्या थडग्यावरची माती ओली आहे. बाहेर नगारे मुके आहेत, कारण एक जरी वाजला तरी जंगलाला कळेल. जमातीतली माणसं दाटीवाटीने उभी आहेत आणि कुणी हुंदका बाहेर येऊ देत नाही. रात्रभर बोलणं झालं आहे, निर्णय झाला आहे. बांदारांचा म्हातारा मुखिया गुरान दिव्यापाशी बसून कवटीच्या अंगठीला आतून दोरा गुंडाळतो आहे, कारण ज्या बोटात ती जायची आहे ते बारीक आहे. बोट कुणाचं ते या पानावर दाखवू नये. गुरान अंगठी उजेडात धरून पाहतो, आणखी दोन वेढे देतो आणि दोरा दाताने तोडतो.