भंगारात काढण्याआधी कॅबिनेट उघडा

“सात-आठ वर्षं झाली ना? मग संपला तो. त्यावर आता पैसे घालू नकोस, नवाच घे.” मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर दुकानांच्या काउंटरवर हे ऐकायला मिळतं, आणि घरोघरी एक ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’ मावसभाऊ असतो त्याच्याही तोंडून. सांगणाऱ्याचा आवाज इतका ठाम असतो की ऐकणारा तिथल्या तिथे हप्त्यांचा हिशेब मांडायला लागतो. हे मत मला चुकीचं वाटतं. पण ते अगदीच बिनबुडाचं नाही, म्हणून आधी त्याची बाजू त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडतो.

नमुना म्हणून २०१७-१८ साली असेंबल करून घेतलेला एक गेमिंग कॉम्प्युटर घेऊ. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, १ टीबीची हार्ड डिस्क, आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. विरुद्ध पक्ष म्हणतो: विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत १६०० नाही. त्याच महिन्यानंतर एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर काढणं थांबवलं. आता येतील ते फक्त सुरक्षेपुरते. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा ‘डूम: द डार्क एजेस’ला रे ट्रेसिंग करणारं हार्डवेअर लागतंच, सेटिंग कितीही खाली आणा. ‘स्टारफील्ड’ला एसएसडी लागते. मग या डब्यात राहिलं काय?

यातली प्रत्येक माहिती खरी आहे. निष्कर्ष तेवढा खोटा. कारण हा युक्तिवाद कॉम्प्युटरला एकसंध वस्तू समजतो आणि सगळ्याला एकच जन्मतारीख लावतो. बाजेची सुंभाची वीण सैल झाली म्हणून कोणी बाजेचे खूर चुलीत घालत नाही. कॅबिनेटमधला प्रत्येक भाग आपापल्या वेगाने म्हातारा होतो, आणि काही भाग तर अजून भर तारुण्यात असतात. आपल्या नमुन्यात सगळ्यात तरुण भाग आहे तो मदरबोर्ड, ज्याला दुकानदार सर्वांत आधी मारून टाकतो: “सर, बोर्ड ही पुराना है, इसमें अब कुछ नहीं लगेगा.”

लागतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये पहिले रायझन आले आणि २०२२ मध्ये कंपनीने ५००० मालिकेचे प्रोसेसर ३०० मालिकेच्या जुन्या बोर्डांवरही चालू दिले. म्हणजे १६०० काढून त्याच खाचेत रायझन ५ ५६०० बसतो. कोर तेवढेच सहा, पण गेममध्ये फरक असा की तो पाहायला मीटर लागत नाही. शिवाय ५६०० विंडोज ११ च्या यादीत आहे. बायॉसमध्ये जाऊन एफटीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू केलं की विंडोज १० चं रडगाणं तिथेच संपतं. एक पथ्य मात्र पाळायचं. जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायॉस अद्ययावत करायचा, मग बदल करायचा. उलट क्रमाने केलंत तर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखणार नाही, स्क्रीन काळी राहील, आणि तुम्ही ‘बोर्ड डेड है’ म्हणणाऱ्याच्या दारात उभे असाल. बायॉस अद्ययावत होत असताना वीज गेली तर बोर्ड खरोखरच डेड होऊ शकतो, तेव्हा यूपीएसची बॅटरी आधी तपासा. वळवाच्या सरी चालू असताना तर हा उद्योग नकोच.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. याच काळातला इंटेलचा आय५ ७४०० असेल तर दुकानदाराचं म्हणणं बरंचसं खरं ठरतं. चार कोर, चार थ्रेड. २०१७ च्या शेवटी आठवी पिढी आली तेव्हा सॉकेटवरचा आकडा तोच, ११५१, पण जुन्या बोर्डाने नवा प्रोसेसर घेतला नाही. त्या बोर्डाची धाव आय७ ७७०० के पर्यंत, आणि तोही विंडोज ११ च्या यादीबाहेर. वापरलेला ७७०० के शोधत फिरणं हा निव्वळ भावनेचा व्यवहार आहे. इथे बोर्ड आणि प्रोसेसर बदलावेच लागतात. पण इथेसुद्धा ‘सगळं फेका’ हे गणित बसत नाही. आय५ १२४०० एफ साठी डीडीआर४ रॅम घेणारे बोर्ड मिळतात, म्हणजे तुमची रॅम, कॅबिनेट, डिस्क, मॉनिटर, सगळं पुढच्या घरी नांदायला जातं.

आणि रॅमची गोष्ट आता साधी राहिलेली नाही. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपांचा बाजार असा ओरबाडला की ग्राहकांच्या रॅमचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. एएमडीच्या नव्या एएम५ बोर्डाला डीडीआर५ घेण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी कॅबिनेटमध्ये पडलेली डीडीआर४ ची स्टिक भंगार म्हणून सोडून देणाऱ्याला काय म्हणावं?

दुसरा आक्षेप जास्त शहाणा वाटतो आणि म्हणूनच जास्त नुकसान करतो. तो म्हणजे ‘बॉटलनेक’. “या प्रोसेसरवर ते कार्ड टाकलंस तर २३ टक्के बॉटलनेक होईल.” हे टक्के येतात कुठून? प्रोसेसर आणि कार्डाचं नाव टाकलं की एक आकडा थुंकणारी गणकयंत्रं आहेत, त्यांतून. असा एकच आकडा असूच शकत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘व्हॅलोरंट’ प्रोसेसरला घाम फोडतात. ‘सायबरपंक २०७७’ त्याच मशीनवर कार्डाला धापा टाकायला लावतो. गेम बदलला, रिझोल्यूशन बदललं की अडणारा भाग बदलतो. शिवाय काही ना काही अडणारच; जिथे काहीच अडत नाही तिथे फ्रेमचा आकडा अनंत असायला हवा.

मोजायची पद्धत फुकट आहे. एमएसआय आफ्टरबर्नर टाका, कार्डाच्या वापराचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसू द्या आणि जो गेम तुम्ही खरोखर खेळता तो अर्धा तास खेळा. आकडा ९७-९९ च्या आसपास चिकटून असेल तर कार्ड अपुरं आहे. तो ६० वर रेंगाळत असेल, तुम्ही फ्रेमवर लगाम घातलेला नसेल, आणि सेटिंग खाली आणूनही फ्रेम वाढत नसतील, तर कार्डावर पैसे घालू नका, प्रोसेसर किंवा रॅमकडे बघा. एवढं न करता कार्ड विकत घेणारे मी बरेच पाहिले आहेत. एक्स-रे न काढता प्लास्टर घालायला सांगणारा डॉक्टर यांना चालला असता का?

मग पंचवीस-तीस हजारांत काय करावं? पहिला पैसा कार्डावर नाही. कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्यावरचं, स्टिकर वाचा. वर मोठ्या अक्षरात ‘४५० वॅट’ असतं. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात ‘१८ ए’. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड याच रकान्यावर जगतात. बाकीचे वॅट स्टिकर छापणाऱ्याच्या समाधानासाठी. १०५० टीआय मदरबोर्डाच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर निभावत होतं, म्हणून हा एसएमपीएस इतकी वर्षं लाज राखून होता. १३२ वॅटचं आरएक्स ६६०० त्यावर टाकलंत, तर ऐन सामन्यात मशीन बंद पडेल आणि दोष बिचाऱ्या कार्डाच्या माथी येईल. चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस ही या सगळ्या खरेदीतली सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत आवश्यक वस्तू.

त्यानंतर जुन्याइतक्याच वेगाची रॅमची दुसरी स्टिक. एक स्टिक म्हणजे एकच मार्गिका. दोन झाल्या की प्रोसेसरला दुप्पट रुंदीचा रस्ता मिळतो, आणि रायझनला त्याचा फायदा विशेष. सोबत बायॉसमधलं एक्सएमपी चालू करा. ३२०० च्या म्हणून घेतलेल्या स्टिक वर्षानुवर्षं २४०० किंवा त्याहून कमीवर रांगताना सर्रास सापडतात. मग एसएसडी. तिने फ्रेम फारशा वाढत नाहीत, पण गेम मध्येच अडखळायचा थांबतो.

कार्डाबाबत दोन सापळे. पहिला नव्याचा. ‘नवं कोरं, स्वस्त’ म्हणून आरएक्स ६५०० एक्सटी गळ्यात मारलं जातं. या कार्डाला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन आहेत. बी३५० बोर्ड तिसऱ्या पिढीचा, त्यामुळे त्या चार लेनही अर्ध्या वेगाने चालतात, आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम गुडघे टेकतो. दुसरा सापळा वापरलेल्याचा, पण तो लोक समजतात तिथे नाही. “मायनिंगचं कार्ड असेल, हात लावू नको” हा सल्ला आता शिळा झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग संपलं. मायनिंगमध्ये झिजतात ते मुख्यतः पंखे आणि थर्मल पॅड, आणि दोन्ही बदलता येतात. खरा धोका नावात असतो. आरएक्स ५८० म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा २३०४ ऐवजी २०४८ कोरवालं चिनी रूप निघतं. जीपीयू-झेड उघडून एका मिनिटात खात्री होते. दुकानात अर्धा तास कार्ड ताणून चालवा, स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या आहेत का पाहा, आणि बिल मागा. बिल म्हटल्यावर ज्याचा चेहरा उतरतो तिथून निघा.

या पैशांत मी ८ जीबीचं आरएक्स ६६०० घेईन, वापरलेलं असलं तरी. ‘इंडियाना जोन्स’ने किमान म्हणून हेच कार्ड सांगितलं आहे, आणि किमान प्रोसेसर रायझन ५ ३६००, ५६०० त्याच्या पुढचा. म्हणजे ज्या गेमचं नाव घेऊन हा कॉम्प्युटर मोडीत काढला होता, तोच गेम जुन्या बोर्डावर चालतो. ४के मध्ये नाही, १०८० पी मध्ये. ज्याला ४के हवं आहे तो मर्यादित बजेटवाला नव्हे. त्याच्याशी माझा वाद नाही.

“त्यापेक्षा हप्त्यावर गेमिंग लॅपटॉप घे” म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: लॅपटॉपचं ग्राफिक्स बोर्डालाच डाख दिलेलं असतं, पाच वर्षांनी काय बदलणार? प्लेस्टेशन ५ चा पर्याय मला जास्त आदरणीय वाटतो. भारतात तो फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला, २०२२ मध्ये ५४,९९० झाला, आणि त्याचे मोठे गेम जवळपास पाच-पाच हजारांचे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने जरूर घ्यावा. पण ज्याच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे, त्याच्याच जोरावर कॉलेजचं ऑटोकॅड किंवा ब्लेंडरचं कामही चालतं, त्याने दुप्पट पैसे देऊन अर्धी सोय का विकत घ्यावी? घरातल्या वडीलधाऱ्यांच्या “खेळायला एवढे पैसे कशाला?” या आक्षेपावरही हेच उत्तर चालतं, आणि नाही चाललं तर मग दिवाळीपर्यंत थांबावं लागतं.

राहिलं जुनं १०५० टीआय. ‘इसका कुछ नहीं आएगा’ म्हणून ते काउंटरवर सोडून येऊ नका. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले नूतनीकृत डेस्कटॉप घेणारे बरेच असतात. अशा डेस्कटॉपच्या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डासाठी सहसा वेगळी वायर नसते, आणि या कार्डाच्या बहुतेक मॉडेलांना ती लागतच नाही. गिऱ्हाईक मिळतं, घासाघीस करून घ्या.